बुडातून मऊ, वरून बारीक, मधे कापूस: या महिन्यात कॅक्टसचीच पत्रं

पावसाळा सरत आला की दरवर्षी असंच होतं, पेटी उघडली की कॅक्टसची पत्रं. आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी तेच, "कोणतं औषध मारू ते सांगा." औषधाचं नंतर बघू हो. आधी झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा, कारण कॅक्टस फार सोशिक, वर काही दिसायला लागतं तोवर खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं. पत्रं जागेपुरती कापलीत, नावं टाकली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

नांदेडहून एक ताई: पिवळ्या काट्यांचा गोल कॅक्टस आहे, नर्सरीत गोल्डन बॅरल म्हणून मिळाला होता. एवढे दिवस मस्त होता पण मधे जी झड लागली तेव्हापासून एका बाजूला कललाय, बुडाला तपकिरी पडलाय आणि बोट लावलं की आत जातंय. पाणी मी एक दिवसाआड फक्त अर्धा कप घालते, जास्त कधीच नाही. कृषी केंद्रातून कार्बेन्डाझिम नावाचं बुरशीनाशक आणून ओतलं, काहीच फरक नाही. वाचेल का?

ताई, एक दिवसाआड अर्धा कप, तिथंच घोडं पेंड खातंय. अर्धा कप ऐकायला कमी वाटतो पण त्यानं कुंडीतली माती कधी पूर्ण सुकतच नाही, आणि कॅक्टसला एकावेळी पाणी किती घातलं यापेक्षा दोन पाण्यांच्या मधे माती कोरडीठाक होते का नाही याला महत्त्व. हा गडी मूळचा मेक्सिकोचा. तिकडं पाऊस आला की जमिनीत जातो, निचरून जातो आणि मग किती दिवस पत्ता नसतो. म्हणून पाणी घालायचं तर खालच्या भोकातून बाहेर येईस्तोवर घालायचं आणि मग सरळ विसरून जायचं. असं घोट घोट पाणी म्हणजे मुळांना चोवीस तास ओल, वरून झडीची दमट हवा, मग मूळकुज लागणारच.

आता वाचवायचं तर आजच हातात घ्या, रविवारची वाट बघू नका. वर्तमानपत्राची जाड घडी करून झाडाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळा, काटे लागत नाहीत, आणि उपटून बाहेर काढा. माती झटका. चांगलं मूळ फिकट असतं आणि ओढलं तर दाद देत नाही, सडलेलं काळपट असतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल गळून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. वास पण आंबूस येतो. फक्त मुळंच गेली असती आणि बूड टणक असतं तर मुळं छाटून झाड सुकवलं की भागलं असतं, पण तुमचं बोट आत जातंय म्हणजे सड अंगात चढलीय. धारदार सुरी घ्या, स्पिरिटनं नाहीतर सॅनिटायझरनं पुसा आणि बुडाकडून पातळ चकत्या काढत वर या, प्रत्येक चकतीनंतर सुरी परत पुसायची, नाहीतर सड तुम्हीच वर नेता. कापलेल्या भागात मधोमध एक गोल कडं दिसेल, त्यातून झाडाचं पाणी वर जातं. नजर त्या कड्यावर ठेवा. बाकी सगळं पांढरं स्वच्छ दिसतं आणि कड्यात मोहरीएवढा एक तांबूस ठिपका असतो, इथं माणसाला झाडाची दया येते, राहू दे एवढं चालतंय म्हणून सुरी खाली ठेवतो, आणि आठ दिवसांनी सगळं झाड मऊ. ठिपका संपेपर्यंत कापा. अर्धं झाड गेलं तरी चालेल.

स्वच्छ भाग लागला की कडेचे कंगोरे थोडे तिरके तासून घ्या, कारण सुकताना मधला भाग आत ओढला जातो आणि कडा खाली लोंबत राहतात, मग नवीन मुळं मातीला टेकतच नाहीत. कापलेल्या जागी गंधकाची पावडर भुरभुरा, शेतीवाल्यांच्या घरात भुरीसाठी आणलेली असतेच, नाहीतर दालचिनीची पूड. बरेच जण हळद लावतात, लावा, पण खरं काम सुकण्यानंच होतं. रिकाम्या कुंडीच्या तोंडावर झाड असं बसवा की कापलेली बाजू खाली अधांतरी राहील, हवा लागेल, आणि सावलीत ठेवून द्या. जखम वाळून खपलीसारखी टणक झाली पाहिजे, बोटभर जाड कांडी असेल तर आठवड्यात होतं, तुमच्यासारख्या जाड झाडाला पंधरा-वीस दिवस पण लागतात आणि दमट हवेत त्याहून जास्त. मग कोरड्या मातीवर नुसतं टेकवून ठेवायचं. पाणी नाही. मुळं फुटायला महिना जाईल, दोन जातील, गोल जातीचे कॅक्टस मुळांच्या बाबतीत लई आळशी. अधूनमधून हलक्या हातानं हलवून बघा, झाडानं माती धरली असं जाणवलं की पहिलं पाणी. खोटी आशा दाखवत नाही, उंच खांबासारखे कॅक्टस असे हटकून वाचतात, गोल्डन बॅरलचं मात्र फिफ्टी फिफ्टी समजा.

कार्बेन्डाझिमनं फरक का पडला नाही, तर सडलेला भाग कुठल्याच औषधानं परत टणक होत नाही. शिवाय सड कशाची आहे ते पण बघावं लागतं. ओल्या मातीत मूळकुज करणाऱ्या पिथियम आणि फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जिवांवर कार्बेन्डाझिम चालतच नाही, आणि जिवाणूमुळं पाणी पाणी होऊन सडत असेल तर कोणतंच बुरशीनाशक चालत नाही. तुम्ही ओतलं म्हणजे औषधाच्या नावाखाली आणखी एक पाणी दिलं. पुढच्या खेपेला मातीतच ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून ठेवा, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हळद-आल्याच्या मूळकुजीसाठी शेतकरी नेतात, त्यात पण ट्रायकोडर्मा असतो. पण ते लागायच्या आधीचं काम आहे, लागल्यानंतरचं नाही.

आणि माती! पत्रात लिहिलं नाही तुम्ही, पण काळी माती असणार. आपली काळी माती कपाशी-सोयाबीनला सोनं, कुंडीतल्या कॅक्टसला मरण. ओली झाली की फुगून चिकट होते, वाळली की आकसून भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. तीन वाटे खडखडीत माल घ्या, म्हणजे चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे, जाडसर वाळू जे मिळेल ते, आणि एक वाटा साधी माती अन् गांडूळखत. मुरूम चाळल्यावर खालची पूड फेकून द्यायची, वर राहिलेले खडे ठेवायचे, उलटं करू नका. बांधकामाची बारीक वाळू पण नको, ती सिमेंटसारखी घट्ट बसते.

जालन्याहून एक काका: माझ्या उंच कॅक्टसचं बूड खालून तपकिरी व्हायला लागलंय, रंग दरवर्षी थोडा वर चढतोय. सड आहे का?

नखानं टोकरून बघा. टणक, कोरडं, लाकडासारखं लागतंय ना? मग ते वय आहे काका. जुना कॅक्टस बुडाला साल धरतो, वजन पेलायला. कापू नका, काही लावू नका.

बीडहून: कॅक्टसच्या कंगोऱ्यांत पांढरा कापूस दिसतोय, बुरशी आहे असं वाटतंय. मुंग्या पण लई फिरतात. घरात कपाशीवर मारायचं औषध उरलंय, थोडं पातळ करून मारलं तर चालेल का? झाड टीव्हीपाशी आहे.

आधी ते कपाशीचं औषध जिथं आहे तिथंच कुलपात ठेवा. शेतात वाऱ्यावर मारायचं विष बैठकीच्या खोलीत मारायचं नसतं, कितीही पातळ केलं तरी. लेकरं असतात घरात.

आणि ही बुरशी नाही, तुम्ही शेतकरी आहात म्हणजे नाव सांगितलं की लगेच ओळखाल, पिठ्या ढेकूण. सीताफळावर येतो, कपाशीवर येतो, तोच भाऊबंद. सुईच्या टोकानं तो कापूस उचलून कागदावर दाबा, ओलसर पिवळट-गुलाबी डाग उमटला म्हणजे किडा. मुंग्या त्याच्यासाठीच येतात, तो रस शोषून मागून गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. म्हणून मुंग्यांचा पण बंदोबस्त करावा लागेल, कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की वाट तुटते, फक्त कुंडीचं बूड त्या पाण्याला लागता कामा नये.

उपाय साधा आहे पण चिकाटीचा. कान साफ करायच्या काडीचा कापूस ७० टक्केवाल्या स्पिरिटमधे बुडवायचा आणि एकेका किड्याला टेकवायचा, पांढरा मेण विरघळतो आणि किडा तपकिरी पडून मरतो. संध्याकाळी करायचं, उन्हात स्पिरिट लावलं की कातडी भाजते. टीव्हीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून पण लांब, स्पिरिट पेट घेतं. एकदा करून भागत नाही कारण त्या कापसातच अंडी असतात आणि ती टप्प्याटप्प्यानं फुटतात, दर आठवड्याला परत बघा, सलग महिनाभर तरी. झाड मोठं असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा, घरी करता येतो, नाहीतर व्हर्टिसिलियम नावाची मित्रबुरशी मिळते ती दमट दिवसांत चांगली चालते. निळसर पावडर अंगावर असलेल्या जातींवर तेलकट काही मारू नका, ती पावडर जाते ती परत येत नाही.

एवढं करून पण झाड निस्तेजच राहिलं तर समजा मुळांत पण आहे. उपटा, मुळांना आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी पिठी लागलेली दिसली की सगळी माती घराबाहेर फेका, मुळं नळाखाली धुवा, सावलीत आठवडाभर सुकवा आणि नव्या मातीत लावा.

एक सांगायचं राहिलं. काही जातींना जन्मजातच पांढरी लव असते, ती प्रत्येक काट्याच्या बुडाशी सारखी, रांगेत असते. किड्याचा कापूस कुठं आहे कुठं नाही असा. मागं एका वाचकानं सगळी लव खरवडून काढली होती बिचाऱ्या झाडाची.

आणि बांधावरच्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसला आणि दाबल्यावर लालभडक रंग निघाला तर तो वेगळा किडा, कोचिनील. फड्या निवडुंग रानोमाळ माजला होता तेव्हा १९२६ साली सिलोनहून मुद्दाम आणून सोडला होता तो हिंदुस्थानात, आणि त्यानं निवडुंगाची रानंच्या रानं साफ केली. तुमच्या कुंडीत फड्या जात असेल तर बांधावरची पानं घरात आणू नका एवढंच.

छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी: रूमवर कॉम्प्युटरशेजारी कॅक्टस ठेवलाय, रेडिएशन ओढून घेतो आणि रात्री ऑक्सिजन देतो म्हणून. मस्त उंच वाढतोय पण वरचा भाग बारीक आणि फिकट आलाय, खत देऊ का?

भावा, तो वाढत नाहीये, उजेड शोधतोय. खाली जाड आणि वर एकदम निमुळता, फिकट, काटे लांब लांब आणि मऊ, हे उपाशी झाडाचं लक्षण. खत दिलंस तर आणखी भराभर लांबेल आणि एक दिवस मधूनच वाकेल. बारीक झालेला भाग परत कधीच जाड होत नाही, म्हणून तो कापायचा, सुकवायचा, वेगळा लावायचा, खालच्या जाड बुडाला पिल्लं फुटतात. खिडकीत ठेव, पूर्वेची मिळाली तर उत्तम.

रेडिएशनचं सोडून दे. ऑक्सिजनचं म्हणशील तर कॅक्टस रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साईड घेतो हे खरंय, दिवसा उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून, पण ऑक्सिजन तयार करायला त्याला पण उजेडच लागतो आणि एवढ्याशा कुंडीनं रूमच्या हवेत काही फरक पडत नाही.

खिडकीत ठेव म्हटलं म्हणजे लगेच गच्चीवर नेऊ नको, पुढचं पत्र वाच.

परभणीहून: घरातला कॅक्टस एप्रिलमधे गच्चीवर ठेवला, आठ दिवसांत एका बाजूनं पांढरट पिवळा पडला. आता तो भाग कागदासारखा टणक झालाय. कोणता रोग?

रोग नाही, ऊन. सावलीत वाढलेल्या झाडाला एप्रिलचं परभणीचं ऊन एकदम दाखवलं, चाळीसच्या वर पारा, कॅक्टस झाला म्हणून काय झालं. डाग फक्त नैर्ऋत्येच्या, म्हणजे दुपारच्या बाजूला असेल बघा. तो जात नाही, पसरत पण नाही, कापायची गरज नाही. कुंडी फिरवू मात्र नका, भाजलेलीच बाजू उन्हाकडं राहू द्या, नाहीतर दुसरी पण भाजून बसेल. बाहेर काढायचं ते हिवाळ्याच्या शेवटी, आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवत न्यायचं, आणि मार्च ते जून वर ५० टक्के शेडनेट. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हाळ्यात आतून इतक्या तापतात की मुळं उकडतात, मातीच्या वापरा. भर उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी, दुपारी कधीच नाही.

लातूरहून एक काकू: मातीवर आणि कुंडीवर पांढरा थर येतोय, झाड पिवळट पडलंय आणि सुरकुतलंय. पाणी कमी पडतंय म्हणून वाढवलं तर आणखीच सुरकुतलं. बोअरचं पाणी आहे.

काकू, पाण्याचं मोल लातूरकरांना काय सांगायचं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तुमच्याकडं. पण बोअरचं पाणी म्हणजे क्षार, पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत साठत राहतात, तोच पांढरा थर. माती खारट-चुनखडी झाली की लोह असून पण झाडाला उचलता येत नाही, शेतात पिकावर केवडा पडतो ना, पानं पिवळी होतात, तेच कुंडीत. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी घालत असाल तर ते आधी बंद करा, त्यात क्षार आणखी जास्त. पावसाचं पाणी दोन-चार कॅनमधे धरून ठेवलं तर दहा-वीस कॅक्टसना हिवाळाभर पुरतं, एसीचं ठिबकणारं पाणी पण चालतं. नसेलच काही तर बोअरचंच घाला पण खालून भरपूर वाहून जाईल असं, आणि वर्षाआड माती बदला.

सुरकुत्यांचं वेगळं. तहानलेला कॅक्टस सगळीकडून सारखा आकसतो पण हाताला टणक लागतो, पाणी दिलं की चार-सहा दिवसांत भरतो. तुमची माती ओली आहे तरी तो आकसतोय, म्हणजे पाणी प्यायला मुळंच उरली नाहीत. वर नांदेडच्या ताईंना सांगितलं ते सगळं तुम्हाला पण लागू, तेवढं वाचा.

पाणी किती दिवसांनी हे पण विचारलंय तुम्ही. दिवस मोजू नका, उदबत्तीची उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, माती चिकटून आली तर पाणी नाही. थंडीत झाड झोपलेलं असतं, तेव्हा काडी कोरडी आली तरी आणखी पंधरा दिवस थांबलात तर उत्तमच. आणि प्लास्टिकच्या आतल्या कुंडीवर जी शोभेची चिनी मातीची कुंडी असते तिच्या तळात डोकावून बघा, निम्म्या घरांत तिथं बोटभर पाणी साठलेलं सापडतं.

अंबाजोगाईहून: वाढदिवसाला छोटा कॅक्टस मिळाला, खाली हिरवा तीनधारी खांब, वर लाल गोळा आणि त्यावर एक वाळकं पिवळं फूल. लाल गोळा आकसत चाललाय, खालचा हिरवा मात्र बाजूनं फुटतोय. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. ती दोन झाडं आहेत, कलम केलेली. लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न तो करू शकत नाही, खालच्या खुंटावर जगतो, आणि हा खुंट असतो ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला, तोच जो आता आपल्याकडं शेतात सिमेंटच्या खांबांवर चढवलेला दिसतो. खुंटाचे फुटवे वेळच्या वेळी खुडले तर गोळ्याला रस मिळतो, नाहीतर खुंट स्वतःच पुढं निघून जातो. तरी हे जोडपं काही वर्षंच टिकतं. गोळ्याला पिल्लं असतील तर नवीन खुंटावर कलम करून बघा, दोन्हीकडं ताजा काप, मधली कडी एकमेकांवर आली पाहिजेत आणि वरून रबर बँड. नसेल जमत तर हिरवा खुंटच वाढवा, बरा वाढतो.

ते फूल खरं नाही. गरम गोंदानं चिकटवलेलं वाळकं फूल असतं ते, बरोबर वाढीच्या शेंड्यावर, आणि खाली रंगीत खडे पण गोंदानंच घट्ट बसवलेले असतात म्हणजे माती वाळायचा मार्गच बंद. विकणाऱ्याला काय, विकेपर्यंत छान दिसलं म्हणजे झालं. खडे काडीनं उचकटून काढा. फूल ओढू नका, देठापाशी कात्रीनं कापा आणि गोंद तसाच राहू द्या, जोरानं काढला तर कातडी सोबत येते.

हिंगोलीहून एक आजी: काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात, नातीनं ऐकलं नाही. ते सशाच्या कानासारखं पिवळ्या ठिपक्यांचं आणलं आणि काल लेकरानं त्याला हात लावला, बोटं चुरचुरतायत, काटे दिसत पण नाहीत.

आजी, ठेवावं का नाही ते तुम्ही आणि नात बघून घ्या, पण हे झाड लेकराच्या हाताशी नको हे नक्की. ते पिवळे ठिपके म्हणजे केसाहून बारीक काट्यांचे पुंजके, टोकाला उलटी कुसं असतात म्हणून शिरतात ते निघत नाहीत. चोळू नका आणि त्या हातानं डोळे चोळू देऊ नका. दिसतील तेवढे चिमट्यानं काढा, मग फेविकॉलचा पातळ थर लावून त्यावर गॉजचा तुकडा दाबा, पूर्ण वाळू द्या आणि ओढून काढा, बरेचसे त्यासोबत येतात. लाली राहिली, सूज आली किंवा डोळ्यात गेलं असेल तर डॉक्टरकडं. आणि कुंपणाचा शेर किंवा तीनधारी निवडुंग कोणी कॅक्टस म्हणून घरात आणला तर तो वेगळा, खरचटलं की त्यातून पांढरा चीक निघतो, कॅक्टसमधून सहसा असा निघत नाही. तो चीक डोळ्याला फार वाईट, लागलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवत राहायचं आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं.